पागेपासून परळपर्यंत

घरात पाळलेल्या मुक्या जीवाला काय खाऊ घालावे, उन्हाळ्यात त्याचे पाणी किती वेळा बदलावे, कोणती लस कोणत्या महिन्यात टोचून घ्यावी आणि त्याने अन्नावरून तोंड फिरवले तर किती वेळ वाट पाहून वैद्याकडे न्यावे, याविषयीचा जो साधा, रोजच्या उपयोगाचा सल्ला आज शहरातल्या कोणत्याही पशुवैद्याच्या खोलीत सहज मिळतो, त्याच्या मागे फार मोठा पूर्वेतिहास उभा आहे. आणि महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्या इतिहासात, केवळ सोबतीसाठी पाळलेल्या प्राण्याचा क्रम अगदी शेवटी लागतो. आधी राज्याचा घोडा, मग शेतकऱ्याचा बैल, आणि त्या दोघांची व्यवस्था लागल्यावर, तीही परक्या विद्येच्या आश्रयाने आणि एका लहानशा समाजाच्या धर्मश्रद्धेच्या बळावर, कुत्र्याला व मांजराला वैद्याचा हात लागला. हा क्रम असाच का लागला, हे पाहणे मला अगत्याचे वाटते, कारण आजच्या सल्ल्यातले शहाणपण कोठून आले आणि त्यातल्या चुका कोठून आल्या, हे त्यावाचून नीट उमगत नाही.

प्राचीन शास्त्रग्रंथ पाहिले तर त्यांत घोडा आणि हत्ती यांचेच साम्राज्य आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्या, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, नकुलाच्या नावावरची अश्वचिकित्सा, जयदत्ताचे अश्ववैद्यक ही सारी रचना सैन्याच्या गरजेतून झालेली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांच्या खाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले आहे, आणि वैद्याच्या चुकीच्या उपचाराने व्याधी वाढली तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड सांगितला आहे. ज्या जनावरावर राज्याचे संरक्षण अवलंबून, त्याच्या वैद्यावर जबाबदारीही तेवढीच कडक. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या मानसोल्लासात कोंबडे, लावे, मेंढे, पारवे, ससाणे आणि सारमेय, म्हणजे कुत्रे, यांच्या विनोदांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली आहेत खरी. पण तो कुत्रा शिकारीचा आणि राजाच्या करमणुकीचा आहे. अंगणात पहुडलेल्या, कोणत्याही कामाच्या न राहिलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याविषयी ही शास्त्रे काही बोलत नाहीत.

मराठेशाहीतही हाच न्याय चालू राहिला, आणि तो फार काटेकोरपणे राबवला गेला. बखरकार सभासदाने शिवछत्रपतींच्या पागेची जी रचना नोंदवली आहे, तीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद अशी तजवीज आहे. पाणी आणि खूर, घोड्याच्या आरोग्याची ही दोन मूळस्थाने, लष्करी रचनेतच अशी बसवून टाकलेली पाहिली म्हणजे त्या काळच्या कारभाराविषयी आदर दुणावतो. चिपळूणच्या बाजूला छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना महाराजांनी धाडलेले पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात न लावण्याची त्यातली ताकीद आपण वारंवार ऐकतो. परंतु त्याच पत्राचा मोठा भाग जनावरांच्या वैरणीविषयी आहे, हे फारसे सांगितले जात नाही. दाणा-वैरण आज मनास येईल तशी उधळली तर भर पावसाळ्यात ती मिळणार नाही आणि घोडी उपासाने मरू लागतील. गंजीजवळ कोणी आगटी पेटवील, कोणी तंबाखू ओढील. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इतक्या बारकाव्याने तो राजा आपल्या अधिकाऱ्यांना बजावतो. जनावराची काळजी म्हणजे आजारपणातले औषध नव्हे, ती चार महिने आधी भरून ठेवलेल्या वैरणीत असते, हे या पत्राइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच वाचावयास मिळेल.

पागेत औषधोपचार करणारा असे तो सालोत्री. शालिहोत्राचे नाव फारसीच्या वाटेने फिरून त्याच्या धंद्याला चिकटले होते, आणि विद्या बहुधा बापाकडून मुलाकडे तोंडीच जात होती. त्याचे खरे सामर्थ्य निरीक्षणात होते. लिदेचा रंग आणि घट्टपणा, कानांचा गारवा, कुशीचा भाता किती वेगाने हलतो, घोडे वळून आपल्याच पोटाकडे पाहते काय, पुढचा एक पाय सैल सोडून उभे राहते काय, एवढ्यावरून तो निदान करी. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून चारण्यातली चूक त्याच्या जिवावर बेतते, हे सालोत्री अनुभवाने जाणून होता. दाणा देण्यापूर्वी पाणी पाजावे, दौड संपताच तापलेल्या घोड्यापुढे तोबरा टांगू नये, आधी त्याला हळूहळू फिरवून घाम जिरू द्यावा, हे पागेतले नियम त्या जाणिवेतून आले आहेत. परंतु याच सालोत्र्याच्या हाती तापलेली सळईही होती. लंगडेपणा, सूज, पोटशूळ, पुष्कळशा रोगांवर डाग देणे हा त्याचा हुकमी उपाय असे, आणि त्या डागाने बरे झालेल्या जनावरापेक्षा विनाकारण होरपळलेलीच जनावरे अधिक असली पाहिजेत, असे मला निःशंकपणे वाटते. जुन्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्या या बाजूकडे डोळेझाक करू नये. मुका जीव तक्रार करू शकत नसल्यामुळे चुकीचा उपचार पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो.

गावगाड्यात बैलाची व्यवस्था सणवारांनी केली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी होणारी खांदेमळणी हा आज एक हौसेचा विधी वाटतो. परंतु पेरणी-कोळपणीच्या राबत्या महिन्यांत जू घासून घासून बैलाचा खांदा सुजलेला, कातडी सोललेली असते, आणि ऐन त्या वेळी खांदा ऊन पाण्याने शेकावा, त्यावर हळद व लोणी किंवा तेल चोळावे आणि दुसऱ्या दिवशी त्या मानेवर जू ठेवूच नये, ही वैद्यकी आज्ञाच आहे. कोणा वैद्याने सांगितली असती तर निम्म्या गावाने ती टाळली असती. सण म्हणून सांगितल्यामुळे अत्यंत गरीब कुणब्याच्या गोठ्यातही ती पाळली गेली. खडकाळ मुलखात बैलाच्या खुरांना पत्री ठोकणे, पाजायचे औषध बांबूच्या तिरप्या कापलेल्या नळीतून गालफडाच्या बाजूने सोडणे, ही कौशल्ये गावोगाव होती. साथ आली मात्र की सारे हतबल होत. बुळकांडीने गावचे गोठे रिकामे होत आणि नवसांपलीकडे कोणाच्या हाती काही नसे.

आणि कुत्रा? मराठी मुलखात त्याचे स्थान मोठे चमत्कारिक होते. खंडोबाच्या पायाशी तो आहे, दत्तात्रेयाभोवती तो आहे, काळभैरवाचे तो वाहन आहे; पण सोवळ्याच्या घरात त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नसे. मेंढपाळाच्या वाड्यावर त्याचा मान होता, गावात तो कोणा एकाचा नसून आळीचा होता, आणि शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर त्याचा योगक्षेम चाले. त्याला खरूज झाली तर फार तर करंजाचे तेल आणि गंधक चोळीत. मांजर उंदरांसाठी असे, आणि आजारी पडले की ते स्वतःच माळ्यावर वा परसात एखादा कोपरा गाठून बरे होई किंवा मरे. पिंजऱ्यातला राघू तेवढा खऱ्या अर्थाने लाडासाठी पाळलेला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हे त्याचे ठरलेले खाणे. या तिघांसाठी वैद्य बोलवावा, ही कल्पनाच कोणाच्या मनात येण्यासारखी नव्हती.

ती कल्पना ज्यांच्या मनात होती, किंबहुना ज्यांच्या धर्मग्रंथातच ती लिहिलेली होती, असा एक समाज मुंबईत नांदत होता. पारशांच्या वेंदिदादातील तेरावे आणि पंधरावे प्रकरण वाचताना मन थक्क होते. कळपाच्या आणि घराच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न देणाऱ्याला तेथे शिक्षा सांगितली आहे. घशात अडकेल असे कठीण हाड किंवा जीभ पोळेल असे कढत अन्न कुत्र्यापुढे टाकणे, हे घोर पातकांत मोजले आहे. कुत्र्याचे योग्य अन्न कोणते, तर दूध, स्निग्ध पदार्थ आणि मांस. विण्याच्या बेतात आलेली कुत्री ज्याच्या घराजवळ आढळेल त्याने तिची व्यवस्था केली पाहिजे, आणि तिची पिले सहा महिन्यांपर्यंत सांभाळली पाहिजेत. तेथेच माणसाच्या मुलासाठी सात वर्षांची मुदत सांगितली आहे, यावरून दोन्ही जबाबदाऱ्या एकाच पंक्तीला बसवल्या होत्या हे उघड दिसते. कुत्रा पिसाळला तर त्याला लाकडी जोखड घालून खांबाला बांधावे, आणि एखाद्या श्रद्धावान माणसावर करावेत तसे उपचार त्याच्यावर करावेत, अशी आज्ञा आहे. कढत अन्न आणि घशात अडकणारे हाड यांविषयीची सूचना आजचा पशुवैद्य रोज देतो; ती इतकी जुनी आहे, आणि ती देणारे लोक आपल्याच किनाऱ्यावर राहत होते, याची जाणीव आपणांपैकी फार थोड्यांना आहे. पारशी घरांत जेवणापूर्वी कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची चाल होती, आणि मृताला कुत्र्याचे दर्शन घडवण्याचा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचे अंगच होता.

ही श्रद्धा ध्यानात घेतली म्हणजे १८३२ साली मुंबईत जे घडले त्याचा उलगडा होतो. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने पूर्वीच काढलेला होता. वर्षातील ठराविक उष्ण महिन्यांत पोलिसांचे शिपाई कुत्री मारीत. त्या वर्षी ती मुदत जूनपर्यंत वाढवण्यात आली, आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्यामुळे शिपाई घरांच्या आवारांतून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागल्याची ओरड झाली. ६ जून रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात लोकांचा जमाव त्या शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात मिळाले, आणि किल्ल्यातील शिबंदीची रसद अडवली गेली. दंगलखोरांना धरण्यात आले, शिक्षा झाल्या. परंतु कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन ठेवावीत, ही मागणी त्या दिवसापासून बळावत गेली. मुंबईच्या लोकांनी एकजुटीने केलेल्या पहिल्या मोठ्या हरताळांपैकी हा एक, आणि तो झाला मोकाट कुत्र्यांवरून, ही गोष्ट शहराच्या इतिहासकारांनी याहून ठळकपणे मांडावयास हवी होती.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभे राहिले. पारशांची कुत्र्यावरील श्रद्धा आणि जैन-वैष्णव व्यापाऱ्यांची जीवदया यांचा तेथे संगम झाला. मात्र पांजरपोळाचे ध्येय आश्रय हे होते, चिकित्सा हे नव्हते. म्हातारे बैल, आटलेल्या गायी, मोकाट कुत्री यांना मरेपर्यंत दाणापाणी मिळे. त्यांच्या रोगाचे मूळ शोधण्याची विद्या त्या आवारात नव्हती, आणि दाटीवाटीने ठेवलेल्या जनावरांत एकाचा रोग दहांना जडण्याचे भय होते. दया असणे आणि उपाय ठाऊक असणे या दोन गोष्टींमध्ये अजून पन्नास वर्षांचे अंतर पडावयाचे होते.

ते अंतर तोडले परळने. १८७४ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धावू लागल्या, आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी मंडळी मुंबईत स्थापन झाली. दगडी रस्त्यांवर घसरणारे ट्रामचे घोडे आणि कापसाच्या गासड्यांनी लादलेल्या खटाऱ्यांचे बैल रोज जायबंदी होत होते. गाडीवानाला दंड केला तरी जखमी बैल न्यावयाचा कोठे, हा प्रश्न उरे. दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाने त्याचे उत्तर दिले. १८८३ मध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या नावाने, बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय या नावाने, परळला जनावरांचे रुग्णालय स्थापन केले, आणि त्याच्याच शेजारी १८८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्ण आणि विद्यार्थी एकाच ठिकाणी आल्यावाचून वैद्यकी शिकवता येत नाही. पुण्यात १८६२ पासून लष्करी पशुवैद्यकाची शाळा होती, पण ती पलटणीच्या घोड्यांपुरती. परळला कोणाचेही जनावर येऊ शकत होते. तेथून जी. बी. व्ही. सी. या पदवीची अक्षरे नावापुढे लावून बाहेर पडलेले तरुण पुढे जिल्ह्याजिल्ह्यांच्या दवाखान्यांत गेले, आणि बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांच्याविरुद्ध लस टोचण्याचे काम, गावकऱ्यांचा संशय सोसून, त्यांनी केले.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. बैल, हत्ती, उंट, मेंढी अशा एकेका जनावराच्या रोगांवर त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि १८८८ मध्ये त्यांचा कुत्र्यांच्या रोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९१ मध्ये, पस्तिशी ओलांडली न ओलांडली तोच, त्यांचा अंत झाला. परळच्या महाविद्यालयाच्या पहिल्याच प्राचार्याच्या ग्रंथमालेत घोड्याबैलांच्या बरोबरीने कुत्र्याला जागा मिळावी, ही मला त्या संस्थेच्या इतिहासातील फार मोलाची घटना वाटते. त्याला तात्कालिक कारणही होते. विलायतेहून आणलेले साहेबांचे कुत्रे येथील उष्म्याने, गोचिडांपासून होणाऱ्या तापाने, कृमींनी आणि डिस्टेंपरने भराभर मरत. डिस्टेंपरचे कारण डोळ्यांना न दिसणारा विषाणू आहे, हे फ्रान्समध्ये कारे याने १९०५ मध्ये दाखवले, आणि त्याच्यावरची लस इंग्लंडमध्ये लेडलॉ आणि डंकिन यांनी १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केली. पिलाला ठराविक आठवड्यांत टोचण्याचा जो कार्यक्रम आज घराघरांत भिंतीवर लावलेला असतो, त्याची सुरुवात येथे आहे.

पिसाळलेल्या कुत्र्याचे भय मात्र माणसाच्या जिवाशी निगडित होते, म्हणून त्याची चाल निराळी झाली. पाश्चरने पॅरिसमध्ये जुलै १८८५ मध्ये एका मुलाला लस टोचली. हिंदुस्थानात ती सोय कसौलीस १९०० मध्ये आणि कुन्नूरला १९०७ मध्ये झाली. कसौलीची सोय झाल्यावरही कुन्नूरची होईपर्यंत मुंबईच्या माणसाला कुत्रा चावला तर हिमालयाच्या पायथ्यापर्यंत आगगाडीने जाणे, एवढाच मार्ग होता. ज्याला ते परवडत नसे, तो चाव्यावर चुना, तिखट किंवा हळद दाबून मांत्रिकाकडे जाई. डेव्हिड सेंपल याने कसौलीस मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटात लागोपाठ चौदा दिवस टोचावी लागे, आणि ती आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षे चालली. त्या चौदा सुयांची धास्ती आजही आपल्या बोलण्यात शिल्लक आहे; पण तिच्यामागचा खरा धडा, की जखम प्रथम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तीत तिखट-चुना काही भरू नये, अजूनही पुष्कळ ठिकाणी पोचलेला नाही. ज्या लशीने कुत्र्यालाच रोग होऊ नये, ती दरवर्षी टोचून घेणे हा याच मालिकेतला पुढचा उपाय, आणि घरात कुत्रा ठेवणाऱ्याने तो चुकवणे मी अक्षम्य समजतो.

मग मोटार आली. घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये थांबली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, खटारे हळूहळू हटले, आणि उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील आदेशाने व्हिक्टोरिया घोडागाड्याही मुंबईतून गेल्या. ज्या घोड्याबैलांसाठी परळ उभे राहिले त्यांची गर्दी ओसरली, तसे त्यांच्या जागी चाळींतून आणि ब्लॉकांतून आणलेले कुत्रे, मांजरे आणि पक्षी येऊ लागले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्याचा पाठपुरावा केला, तो प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायदा १९६० मध्ये झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पिंजऱ्यातल्या राघूची परंपरा बेकायदेशीर ठरवली. राघूच्या आयुष्याचा विचार करता ते योग्यच झाले: थवा करून मैलोन्‌मैल उडणाऱ्या पाखराला वीतभर पिंजऱ्यात डाळ खाऊ घालणे ही काळजी नव्हे.

परंपरेने मिळालेल्या घरगुती उपायांपैकी काही टिकले, काही टाकावे लागले. गंधक खरजेच्या किड्यावर खरोखर लागू पडते. पाश्चात्त्य औषधसंग्रहांतही गंधकाचे मलम त्याच कामासाठी होते. उलट पिसवा-गोचिडांवर तंबाखूचे पाणी चोळण्याची रीत घातक, कारण अंग चाटताना ते विष जनावराच्या पोटात जाते. बैलाच्या खांद्याला शेक आणि विश्रांती हा उपाय आजही कोणी नाकारणार नाही. कुत्र्याला कांदा-लसूण घातलेली आमटी-भाकरी चालत नाही, त्याने रक्तपेशी फुटतात, हे आमच्या घरांना फार उशिरा समजले.

मांजराचे नशीब मात्र सर्वांत उशिरा उजळले. कुत्र्यावर ग्रंथ होऊन गेल्यावरही कितीतरी वर्षे मांजराला लहानसा कुत्रा समजूनच औषध दिले जात असे, आणि दुधाची वाटी हे तर त्याचे जन्मसिद्ध अन्न मानले जाई. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, मांसावाचून त्यांचा निर्वाह होत नाही, आणि माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची एकच गोळी, तिचे विघटन करण्याची शक्ती यकृतात नसल्यामुळे, मांजराचा जीव घेऊ शकते. म्हणून अंग तापलेले, अन्न सोडलेले मांजर घरात असेल तर डबीतले औषध शोधू नये; एक दिवसाहून अधिक न थांबता त्याला टोपलीत घालून पशुवैद्याकडे न्यावे, आणि काल त्याने काय खाल्ले व लघवी केव्हा केली, हे सांगू शकेल अशा माणसाने न्यावे.